अलाइन्ड मेमरी म्हणजे काय? एफएफटीडब्ल्यू वापरताना ती का लागते?

म्युझिक प्लेयरमध्ये गाण्याच्या तालावर खालीवर होणाऱ्या पट्ट्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यामागे फुरिये ट्रान्सफॉर्म नावाचं गणित असतं. ते वेगाने करणारी प्रसिद्ध मोफत लायब्ररी म्हणजे एफएफटीडब्ल्यू. एमआयटीमध्ये मॅटेओ फ्रिगो आणि स्टीव्हन जॉन्सन यांनी ती तयार केली. सी भाषेत ती वापरताना नेहमीच्या मॅलॉकऐवजी तिचंच एफएफटीडब्ल्यू_मॅलॉक वापरा, असा सल्ला दिला जातो. तो कशासाठी, तेच आज मी सोप्या भाषेत सांगतो.

अलाइनमेंट म्हणजे काय?

मेमरीतल्या प्रत्येक बाइटला एक पत्ता असतो. तो पत्ता १६, ३२ किंवा ६४ ने पूर्ण भागला गेला, तर मेमरी तितक्या बाइटला अलाइन्ड आहे असं म्हणतात. बस, एवढंच!

याचा फायदा काय?

आजचे प्रोसेसर एकाच सूचनेत अनेक संख्यांवर काम करतात. याला सिम्ड म्हणतात. डबल प्रकारची संख्या ८ बाइटची असते. म्हणजे फोनच्या एआरएम प्रोसेसरमधल्या निऑनच्या १६ बाइटच्या रजिस्टरमध्ये २ संख्या मावतात, तर कॉम्प्युटरवरच्या एव्हीएक्सच्या ३२ बाइटमध्ये ४.

आता समजा, मॅलॉकने १००८ हा पत्ता दिला. ६४-बिट सिस्टिमवर मॅलॉक साधारणपणे १६ च्या पटीतला पत्ता देतं, त्यामुळे १००८ चालतो. पण तो ३२ च्या पटीत नाही. तिथून ३२ बाइट वाचले, तर १००८ ते १०३९ लागतात. कॅशची एक ओळ बहुतेक वेळा ६४ बाइटची असते आणि १०२४ वर नवी ओळ सुरू होते. म्हणजे एका वाचनासाठी दोन ओळी उघडाव्या लागल्या. चौकटीच्या वहीत एकच आकडा दोन चौकटींच्या रेघेवर लिहावा, तसं झालं हे!

काही सूचना असा पत्ता चालवून घेतात, फक्त थोडा वेळ जास्त जातो. पण अलाइन्ड पत्ताच हवा असा हट्ट धरणाऱ्या सूचनाही आहेत. तिथे चुकीचा पत्ता मिळाला की प्रोग्रॅम जागच्या जागी बंद पडतो.

अलाइन्ड मेमरी कशी मिळते?

युक्ती साधी आहे. १०० डबल संख्यांसाठी ८०० बाइट हवेत. आपण ८३९ मागायचे. मॅलॉकने १००८ दिला, तर पुढचा ३२ च्या पटीतला पत्ता १०२४. डेटा तिथून ठेवायचा आणि त्याच्या आधीच्या ८ बाइटमध्ये मूळ पत्ता १००८ लिहून ठेवायचा. कारण मेमरी परत करताना फ्रीला १००८ च द्यावा लागतो, १०२४ देऊन चालत नाही.

म्हणूनच जोडी मोडू नका:

• एफएफटीडब्ल्यू_मॅलॉकने घेतलेली मेमरी एफएफटीडब्ल्यू_फ्रीनेच सोडा.
• विंडोजवर अलाइन्ड_मॅलॉकसोबत अलाइन्ड_फ्री.
• पॉझिक्स_मेमअलाइनची मेमरी मात्र साध्या फ्रीने सुटते.

खरी गडबड इथे होते

एफएफटीडब्ल्यू आधी एक प्लॅन बनवतं आणि मग तो पुन्हा पुन्हा चालवतं. तोच प्लॅन दुसऱ्या ॲरेवर चालवायचा असेल, तर नव्या ॲरेची अलाइनमेंट मूळ ॲरेसारखीच हवी. समजा, तुम्ही पहिली संख्या सोडून दुसरीपासून ॲरे दिला. पत्ता ८ बाइटने सरकला, अलाइनमेंट गेली आणि प्रोग्रॅम कोसळू शकतो. मॅलॉकच्या भरवशावर राहिलात, तर एका मशीनवर चाललेला कोड दुसरीकडे पडतो आणि कारण काही केल्या सापडत नाही.

माझा सल्ला असा: सगळे ॲरे एफएफटीडब्ल्यू_मॅलॉकनेच घ्या. ॲरे बाहेरून येत असेल, तर एफएफटीडब्ल्यू_अलाइनमेंट_ऑफने तपासा. तेही जमत नसेल, तर प्लॅन बनवतानाच एफएफटीडब्ल्यू_अनअलाइन्ड हा फ्लॅग द्या. वेग कदाचित कमी होईल, पण प्रोग्रॅम पडणार नाही.

पायथनवाल्यांसाठी एक गोष्ट: नमपायचा अलाइन्ड फ्लॅग ट्रू दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. तो त्या डेटा टाइपपुरतं सांगतो, सिम्डला लागणाऱ्या ३२ किंवा ६४ बाइटबद्दल नाही. त्यासाठी पायएफएफटीडब्ल्यूमधलं एम्प्टी_अलाइन्ड वापरा.