हातांची बोली

शाळेत गुरुजी शिकवतात आणि मुले शिकतात, असे आपण धरून चालतो. पॅरिसमधली एक शाळा मात्र गुरुजी मुलांकडून शिकले म्हणून उभी राहिली.

मित्रहो, ही १७६०च्या सुमाराची गोष्ट. शार्ल-मिशेल द लेपे या धर्मगुरूंची गाठ दोन बहिऱ्या बहिणींशी पडली. बहिऱ्यांना शिकवायचे म्हणजे तोंडातून उच्चार काढून घ्यायचे, अशी तेव्हाची समजूत. तीही चैन श्रीमंतांचीच. लेपेंनी आधी त्यांच्या खुणा शिकून घेतल्या, त्यांत फ्रेंच व्याकरणाच्या खुणांची भर घातली आणि गरिबांच्या मुलांनाही फुकट शिकवू लागले. या खुणा त्यांनी शोधल्या नव्हत्या. पॅरिसचे बहिरे लोक त्या आधीपासून वापरत होते. पिएर देलोझ या बहिऱ्या पुस्तकबांधणी कामगाराने १७७९ साली पुस्तक लिहून तसे ठणकावून सांगितले.

लेपे १७८९ साली वारले. १७९१ साली क्रांतीच्या सरकारने शाळेचा भार उचलला. तिथेच शिकून शिक्षक झालेला लोराँ क्लेर १८१६ साली अमेरिकेला गेला आणि पुढच्याच वर्षी हार्टफर्डला तशीच शाळा निघाली. बहिरा माणूस आता शिकवीत होता.

मग १८८० साल उजाडले. मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. प्रतिनिधींत स्वतः बहिरा असा एकच. ठराव झाला, की शिक्षण तोंडी भाषेतूनच द्यावे. देशोदेशींच्या वर्गांतून खुणा हद्दपार झाल्या, बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुले मात्र गुरुजींची पाठ फिरली, की हातांनी बोलतच राहिली.

बहुतेक बहिरी मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. आपल्याला मायबोली आईच्या मांडीवर मिळते. त्यांना ती बहुधा शाळेतल्या सवंगड्यांकडून मिळते. शाळेने खुणा बंद केल्या, म्हणजे त्यांचे दुसरे घरच बंद केले.

मिलानच्या ठरावांबद्दल खेद व्यक्त व्हायला २०१० साल उजाडावे लागले. तेव्हा व्हँकुव्हरला अशीच परिषद भरली होती. आपल्याकडे भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत राष्ट्रीय संस्था २०१५ साली निघाली. आपल्या गावच्या शाळेत असे मूल आले, तर त्याला ‘बोल’ म्हणण्याआधी त्याचे हात काय सांगतात ते पाहू या. लेपेंनी एवढेच केले होते.