यंत्राचा हात आणि मजुराचा दिवस

बीड तालुक्यांतील नारायणगड हें नगद नारायण महाराजांचें स्थान असून वारकरी मंडळी त्यास ‘धाकटी पंढरी’ म्हणतात. गडाच्या भोंवतालचा मुलूख अवर्षणाचा. ह्या जिल्ह्यांतील लक्षावधि माणसें दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेस लागतात, आणि दुष्काळ पडला म्हणजे सरकारी बांधकामावर मातीच्या पाट्या वाहतात. बांधकामांत रोबो आणावा कीं नाहीं हा प्रश्न मुंबईच्या सभागृहांत खर्चाचा व वेगाचा असतो. ह्या मुलखांत तोच भाकरीचा होतो. ह्या दोहोंच्या मध्यें कायदा कोठें उभा राहिला आणि पुढें कोठें उभा राहावा, हें इतिहासाच्या आधारें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. ‘रोबो’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक ह्याच्या १९२० सालच्या नाटकांतून जगभर पसरला, आणि ज्या चेक शब्दापासून तो निघाला त्याचा अर्थ ‘वेठ’ असा आहे. वेठ आमच्या लोकांस अपरिचित नाहीं. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदानें ती निषिद्ध झाली. आणि १९८२ सालीं, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठीं चाललेल्या बांधकामांवरील मजुरांच्या प्रकरणांत, किमान वेतनाहून कमी दरानें काम करून घेणें हीहि वेठच होय असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला. आतां माणसाच्या जागीं वेठ करणारें यंत्र आलें आहे. तें विटा रचतें, सळया बांधतें, भिंतीस रंग देतें. २०२३ सालीं बंगळूर येथें तर यंत्रानें थरावर थर ओतून टपालकचेरीची इमारत उभी केली. वेठ यंत्रानें करावी हें ऐकावयास बरें वाटतें. पण वेठीबरोबर मजुरीहि जाते, ही त्याची दुसरी बाजू होय.

यंत्राचा अभाव म्हणजे मजुराचें सुख, असें मात्र कोणीं समजूं नये. बोरघाटांतील रेल्वेचें काम १८५६ च्या जानेवारींत सुरू झालें आणि १८६३ च्या एप्रिलांत तो मार्ग खुला झाला. पंचवीस बोगदे सुरुंगाच्या दारूनें व हातांतील पहारीनें फोडले गेले. १८६१ सालीं तेथें सुमारें ४२,००० माणसें राबत होतीं. पटकी, ताप आणि अपघात ह्यांनीं किती मेलीं ह्याचा अंदाज इतिहासकार हजारांच्या हिशेबानें करितात. कांहीं तर तो पंचवीस हजारांपर्यंत नेतात. १८५९ सालीं थकलेल्या मजुरीवरून घाटांत दंगा उसळला, आणि पुढच्याच वर्षीं रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मालक-मजुरांच्या तंट्यांचा निकाल लवकर लावण्यासाठीं कायदा झाला. प्राणघातक अपघातांविषयींचा कायदा १८५५ पासून होता. परंतु मृताच्या आप्तांनीं दिवाणी दावा लावावा व दुसऱ्याची चूक शाबीत करावी, अशी त्याची रीत. घाटांत मेलेल्या मजुराच्या विधवेस हें कितपत साध्य होतें, हें सांगावयास नको.

ही उणीव १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानें पुष्कळ अंशीं भरून काढली. काम करीत असतां, कामामुळें इजा झाली एवढें दिसलें म्हणजे पुरे. चूक कोणाची ह्याचा निर्णय होईपर्यंत मजुरानें उपाशी राहावें असें नाहीं, हें तत्त्व त्यानें रूढ केलें. आमच्या मतें रोबोच्या प्रश्नाची किल्ली ह्याच तत्त्वांत आहे.

कारण यंत्र आलें म्हणून मरण टळतें असें नाहीं. मुंबईच्या किनारी रस्त्याचे जोड बोगदे मलबार टेकडीखालून ज्या यंत्रानें खोदले, त्यास ‘मावळा’ असें नांव दिलें होतें. त्याचा व्यास १२ मीटरांहून अधिक. बोरघाटाशीं तुलना केली तर माणसाचे कष्ट किती वांचले तें उघड आहे. पण ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीं, ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांत सरळांबे येथें, समृद्धि महामार्गाच्या पुलावर तुळया बसविणारें अजस्र यंत्र कोसळलें आणि २० जण प्राणांस मुकले. अशा प्रसंगीं यंत्र करणारा, तें भाड्यानें देणारा, चालविणारा, कंत्राटदार व देखरेख करणारा अभियंता हे सारे एकमेकांकडे बोट दाखवूं शकतात. रोबोच्या बाबतींत ह्या रांगेंत आणखी एक जण येऊन उभा राहतो: यंत्रास कोठें वळावें, कधीं थांबावें हें शिकविणारी आज्ञावली लिहिणारा मनुष्य. तो बहुधा दुसऱ्या देशांत बसलेला असतो. यंत्रास तुरुंगांत घालतां येत नाहीं, आणि त्याच्या धन्यास ‘तें आपल्या बुद्धीनें वळलें’ असें म्हणण्याची सोय होते. ही सोय कायद्यानें मुळांतच नाकारली पाहिजे.

आतां भाकरीच्या बाजूकडे वळूं. ह्या बाबतींत महाराष्ट्रानें देशास धडा घालून दिला आहे. वि. स. पागे ह्यांनीं १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें रोजगार हमीचा प्रयोग आरंभिला. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या व पाझर तलावांच्या कामांवर माणसें लोटलीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत त्यांची संख्या राज्यांत पन्नास लाखांच्या जवळ पोंचली. त्यांतून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. ह्या योजनेंत कामाच्या खर्चाचा निदान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर पडावा असा दंडक होता. पुढें २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचींत, शक्य तेथवर मजुरास हटविणारें यंत्र वापरूं नये व कंत्राटदार नेमूं नये, असें स्पष्ट शब्दांत घातलें गेलें. त्या कायद्याच्या जागीं संसदेनें २०२५ च्या डिसेंबरांत नवा कायदा केला आहे. तथापि बांधकामाची किंमत त्यानें किती हातांस काम दिलें ह्यावरहि ठरते, हा विचार एकदां कायद्यांत येऊन गेला, ह्याचें महत्त्व कमी होत नाहीं.

ह्यावर आक्षेप आहे आणि तो खरा आहे. मे महिन्याच्या उन्हांत बाईनें हातोड्यानें खडी फोडावी, ह्यांत कसली प्रतिष्ठा? शिवाय रात्रीं जेसीबीनें माती उपसावयाची आणि दिवसा हजेरीपत्रकावर मजुरांचीं नांवें चढवावयाचीं, अशा तक्रारीहि वारंवार झाल्या. यंत्रबंदीनें एकटीनें न्याय होत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. ज्या कामांत छाती फुटते किंवा जीव जातो, तें काम यंत्राकडे जावेंच. प्रश्न एवढाच कीं, त्या दिवशींची मजुरी कोणाकडे गेली?

येथें कायद्यांतील एक विसंगति वाचकांच्या नजरेस आणावीशी वाटते. बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठीं १९९६ सालीं दोन कायदे झाले. एकानें बांधकामाच्या खर्चावर निदान एक टक्का उपकर बसविला. दुसऱ्यानें, मागील बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या मजुरासच नोंदणीचा व त्यामुळें मिळणाऱ्या लाभांचा हक्क दिला. दोन्ही तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत आल्या आहेत आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. आतां पाहा: इमारत रोबोनें बांधली तरी उपकर खर्चावर असल्यामुळें निधींत पैसा पडतच राहील, पण गवंड्याच्या व बिगाऱ्याच्या कामाचे दिवस ९० च्या खालीं गेले कीं त्याचें नांव नोंदवहींतून गळेल. निधि मजुराच्या नांवानें भरेल, आणि मजूर मात्र त्याच्या दाराबाहेर राहील. ह्यांत कोणाची लबाडी असावी लागत नाहीं; कायदा जसा आहे तसा चालूं दिला कीं पुरे.

म्हणून आमच्या सूचना तीन आहेत. यंत्रामुळें झालेल्या इजेची भरपाई, चूक कोणाचीहि असो, ज्याच्या कामावर ती झाली त्यानें आधीं द्यावी; मग तो आज्ञावली लिहिणाऱ्याशीं खुशाल भांडो. यंत्रानें केलेल्या प्रत्येक हालचालीची नोंद त्याच्या मालकाच्या कपाटांत न राहतां तपास करणाऱ्या अधिकाऱ्यास व मजुराच्या वारसांस पाहतां यावी. आणि यंत्र आल्यामुळें ज्याचे दिवस गेले, त्याचे ते दिवस नोंदणीपुरते तरी भरल्याचे धरावे व त्याच निधींतून त्यास यंत्र चालविण्याचें शिक्षण मिळावें. ऊसतोडणीच्या यंत्रानें कोयत्यापुढें हाच प्रश्न आधीं टाकला आहे. तेव्हां बांधकामाच्या बाबतींत तो अचानक आला असें म्हणण्यास बीड जिल्ह्यांत तरी कोणास जागा नाहीं. बोरघाटापासून नुकसानभरपाईच्या कायद्यापर्यंत साठ वर्षें गेलीं. तेवढी सवड ह्या वेळीं मिळेल असें आम्हांस वाटत नाहीं.