वायल्डर चर्च आणि शाळेसाठीचं भांडण

गेल्या वर्षी पन्हाळ्यातून मुलांची सहल घेऊन कोल्हापूरला गेलो होतो. वायल्डर मेमोरियल चर्चची पाटी वाचून सहावीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, वायल्डर म्हणजे त्यांचे पीर का?"

मी हसलो, पण नीट उत्तर मलाही येत नव्हतं. घरी येऊन वाचत बसलो.

रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकेतल्या व्हरमाँटचे. जन्म १८१६ चा. १८४६ मध्ये ते अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमध्ये आले आणि १८५२ मध्ये पत्नी एलायझा यांच्यासह कोल्हापुरात. इथं त्यांनी मंडळी उभी केली, शाळा काढल्या.

या शाळांवरूनच पुढं भांडण झालं. १८५४-५५ मध्ये बोस्टनच्या त्यांच्या संस्थेचे सचिव रूफस अँडरसन हिंदुस्थानात आले. त्यांचं म्हणणं असं की, मिशनऱ्याचं खरं काम उपदेशाचं. शाळा लागतील तेवढ्याच, आणि त्याही देशी भाषेत. इंग्रजी शिक्षणावर खर्च नको. वायल्डर यांना हे पटलं नाही. संस्थेशी त्यांचं फाटलं. १८६१ मध्ये मिशनच्या शाळांवर त्यांनी एक पुस्तकच लिहिलं आणि संस्थेचा आधार नसताना, मित्रांच्या मदतीवर ते कोल्हापुरात परतले. १८७० च्या सुमारास हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. पुढं आमच्या पन्हाळ्यावरही या मिशनचं ठाणं झालं. वायल्डर १८८७ मध्ये अमेरिकेत वारले.

त्यांच्या शाळांमागं धर्मप्रसाराचा हेतू होता, हे लपवायचं कारण नाही. आणि मी उर्दू-मराठीचा शिक्षक. मातृभाषेचा मुद्दा निघाला की माझं मन अँडरसन यांच्याकडं झुकतं. पण मातृभाषेच्या नावाखाली गरिबाच्या मुलाला इंग्रजीचं दार बंद होणार असेल, तर मी वायल्डर यांच्या बाजूला उभा राहीन. आमच्या समाजातही हा वाद रोजचा आहे. उर्दू शाळेत घातलं तर पुढं काय, असं पालक विचारतात. त्यांना दोन्ही हवं असतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम मुलांसाठी बोर्डिंग सुरू केलं आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचं केलं. शाळेसाठी आपल्याच माणसांशी भांडावं लागतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाला सांगितलं, "पीर नव्हते बेटा. शाळा बंद पडू नयेत म्हणून आपल्याच साहेबांशी भांडलेले पाद्री होते."