नाल, डाग आणि एक क्रियापद

१/ घोड्याच्या खुराला नाल ठोकणे या क्रियेला स्पॅनिशमध्ये ‘एर्रार’ म्हणतात. सोळाव्या शतकात माणसांना डागण्यासाठीही हेच क्रियापद वापरले गेले. हे दोन अर्थ एका शब्दात कसे आले?

२/ रोमन चरित्रकार स्युटोनियस सम्राट व्हेस्पेशियनचा एक प्रसंग सांगतो. प्रवासात खेचरवाला खेचरांना ‘जोडे घालण्यासाठी’ मध्येच खाली उतरला. एका पक्षकाराला सम्राटाची गाठ घेता यावी म्हणूनच हा उशीर, असा सम्राटाला संशय आला. येथे लॅटिन क्रियापद आहे ‘काल्सेआरे’, म्हणजे पादत्राण घालणे. मराठीतील ‘नाल’ हा शब्दही मूळ अरबी असून तेथे त्याचा अर्थ पादत्राण असाच आहे.

३/ पुढे मध्ययुगात खिळ्यांनी ठोकलेली लोखंडी नाल युरोपभर रूढ झाली आणि पादत्राणाची जागा लोखंडाने घेतली. लॅटिन ‘फेर्रुम’ म्हणजे लोखंड. त्यावरून इटालियन ‘फेर्रारे’, फ्रेंच ‘फेरे’, पोर्तुगीज ‘फेर्रार’ ही क्रियापदे आली. कॅस्टिलियन स्पॅनिशमध्ये आरंभीचा ‘फ’ आधी ‘ह’ झाला, मग उच्चारातून लोपला. उरले ‘एर्रार’.

४/ या शब्दाचा गाभा ‘लोखंड लावणे’ एवढाच आहे. खुराला ठोकलेली नाल असो वा गुरांच्या अंगावर मालकीची खूण उमटवणारी तापलेली मुद्रा असो, क्रियापद एकच. मराठीत मात्र ‘नाल ठोकणे’ आणि ‘डागणे’ वेगळे राहिले.

५/ १५१९ मध्ये एर्नान कोर्तेस १६ घोडे घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. पुढच्याच वर्षी तेपेआका येथे त्याच्या सैन्याने पकडलेल्या स्थानिक लोकांना गुलाम ठरवून डागले. त्या मोहिमेतील सैनिक बर्नाल दियास लिहितो की, डागाचे अक्षर ‘युद्ध’ या अर्थाच्या स्पॅनिश शब्दाचे आद्याक्षर होते. गुलामांतून राजाचा पाचवा हिस्सा वेगळा काढला गेला. म्हणजे हा डाग केवळ सैनिकी क्रौर्य नव्हता. तो मालकीचा दाखला होता.

६/ स्थानिकांना गुलाम करण्यावर राजसत्तेने १५३० मध्ये बंदी घातली आणि १५३४ मध्ये ती उठवली. १५४२ च्या ‘नव्या कायद्यां’नी पुन्हा मनाई केली, तरी आधी उमटलेले डाग पुसले जाणार नव्हते.

७/ नालेमुळे घोड्याचा खूर झिजण्यापासून वाचतो. डागामुळे माणूस मालमत्ता ठरतो. ‘एर्रार’ हे क्रियापद लोखंड तेवढे सांगते. ते कोणाच्या अंगावर आणि कशासाठी, हे इतिहासालाच विचारावे लागते.