हेदवीचा रस्ता : तळटीप

१. रस्त्याचा दर्जा : रस्त्याचा वर्ग त्याच्या रुंदीवरून नव्हे, तर तो कोणते काम करतो यावरून ठरायला हवा. १९४३च्या नागपूर आराखड्याने भारतातील रस्त्यांची उतरंड लावली : राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक (आता राज्य) महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि गावरस्ते. वरच्या पायरीवर लांबचा, न अडखळता होणारा प्रवास महत्त्वाचा. खालच्या पायरीवर दारापर्यंत पोचणे. कोकणातल्या हेदवी गावी येणारा वाचक ही उतरंड स्वतः उतरतो. चिपळूणला मुंबई-गोवा महामार्ग सोडायचा, विजापूरपर्यंत जाणाऱ्या १६६ई क्रमांकाच्या महामार्गाने गुहागर गाठायचे आणि तिथून दक्षिणेला किनाऱ्याच्या घाटवळणांवर लागायचे. पुढे दशभुज गणेशाच्या देवळाकडे आणि उमामहेश्वराजवळच्या बामणघळीकडे जाणाऱ्या वाटांवर वेगाला अर्थच उरत नाही. मैलाच्या दगडाचा माथाही वर्ग सांगतो : राष्ट्रीय महामार्गाला पिवळा, राज्यमार्गाला हिरवा, ग्रामीण रस्त्याला नारिंगी.

कोकणात मात्र कागदावरचा वर्ग अपुरा पडतो. रेवस-रेड्डी सागरी मार्ग हा राज्य महामार्ग. पण तवसाळ-जयगड खाडी वर्षानुवर्षे फेरीबोटीनेच ओलांडावी लागली. दुसरे असे की, गावरस्ता सणासुदीला जिल्हा मार्गाइतका भार वाहतो. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे असतात, म्हणजे दर्जा ठरला की दुरुस्ती कोण करणार तेही ठरते. म्हणून वाहतुकीची मोजणी गणेशोत्सवात आणि माघी गणेशजयंतीलाही व्हावी.