लॉकबॅक चाकू

उघडल्यावर पाते अडकून बसते आणि मुठीच्या पाठीवरची पट्टी दाबल्याशिवाय मिटत नाही, असा खिशात बाळगण्याचा घडीचा चाकू. ही पोलादी पट्टी मधल्या खिळ्यावर तोललेली असते. पाते पूर्ण उघडले की तिच्या पुढच्या टोकाचा आकडा पात्याच्या बुंध्यातल्या खाचेत पडतो आणि स्प्रिंग त्याला तिथेच दाबून धरते. बिनखटक्याचा चाकू जोर लागताच बोटांवर मिटू शकतो. इथे ती भीती कमी. मात्र खाचेत माती साचली की आकडा अर्धवट बसतो, आणि हात निर्धास्त असल्याने हे जास्त घातक.

या प्रकाराला जगभर लोकप्रिय केले ते अमेरिकेतल्या बक कंपनीच्या ११० या नमुन्याने (१९६४). पाते पावणेचार इंच, पितळी टोकांची लाकडी मूठ, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. देखणा आहे, पण सदऱ्याचा खिसा ओढतो. स्पायडर्को कंपनीचा डेलिका हा नमुना त्याच्या निम्म्याहून हलका, प्लास्टिक मुठीचा, तीन इंचांहून किंचित आखूड पात्याचा. फ्रान्सचा ओपिनेल त्याहूनही हलका आणि स्वस्त. त्याचा खटका मात्र पाठीवर नसून गळ्याशी फिरवायच्या कड्याचा, १९५५ पासूनचा. आपल्याकडे खटक्याच्या चाकूची ओळख हिंदी सिनेमातल्या रामपुरीने करून दिली आणि बदनामीही त्यानेच केली.

सोलापूरकराला खिशात चाकू लागतो तो कांद्याच्या गोणीची सुतळी, ठिबकची नळी किंवा डाळिंब कापायला. त्याला तीन इंची पाते पुरते. डाळिंबाच्या रसाने साधे कार्बन पोलाद काळे पडते, म्हणून इथे स्टेनलेस पातेच घ्यावे, धार लावायला थोडा जास्त वेळ गेला तरी. बागेत छाटणीसाठी मात्र लॉकबॅक वापरूच नये. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे जिवाणू हत्यारावरून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातात. त्यामुळे कात्री प्रत्येक झाडानंतर सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायला सांगतात. घडीच्या चाकूच्या सांध्यात आणि खाचेत चीक अडकून राहतो, आणि ते द्रावण पितळ व स्प्रिंग दोन्ही खाते.

विकत घेताना पाते उघडून वर-खाली हलवून पाहावे. नव्या चाकूत जाणवण्याइतकी ढिलाई असेल तर तो परत ठेवावा. पट्टीची दाबायची जागा मुठीच्या अगदी टोकाशी असेल तर घट्ट पकडीत चुकून दाबली जाण्याचा धोका कमी.

शस्त्र नियम, २०१६ मधील शस्त्रांच्या वर्गवारीत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात. घरगुती व शेतीची अवजारे वगळली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. त्या कलमातल्या यादीत चाकू आहे आणि पात्याच्या लांबीची अट नाही. आदेश लागू असताना तीन इंची चाकूही घरी ठेवलेला बरा.