स्टॉकहोमचं बुडालेलं जहाज आणि आपली गलबतं

मागच्या उन्हाळ्यात स्टॉकहोमला जाणं झालं. स्वीडनची राजधानी, १४ बेटांवर वसलेली. कुठेही वळा, पाणी समोर. बोईसरच्या माणसाला पाण्याचं काय अप्रूप? पण तिथे बंदरात उभं राहूनही खारा वास जवळजवळ येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तिथल्या एका म्युझियममध्ये एक अख्खं जहाज उभं आहे, 'वासा'. १० ऑगस्ट १६२८ ला ही नवीकोरी युद्धनौका निघाली. ६४ तोफा, वर कोरीव शिल्पांचा थाट. जेमतेम १३०० मीटर गेली, वाऱ्याचा झोत आला, ती कलली, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि बुडाली. सुमारे ३० माणसं गेली. खरं तर आधी चाचणी झाली होती. ३० माणसांना डेकवर इकडून तिकडे पळवलं, तर जहाज इतकं डोललं की चाचणीच थांबवली! पण राजाला घाई होती. नंतर चौकशी झाली, शिक्षा कुणालाच नाही. ओळखीचं वाटतं ना?

१९६१ साली, ३३३ वर्षांनी वासा वर काढली, आणि लाकूड बहुतेक सगळं मूळचं! कारण बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारं आहे. लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे फारसा जगतच नाही.

आता आपल्याकडे या. जानेवारी १७३९ मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून तारापूरचा किल्ला घेतला. बाजी भीवराव तिथेच पडले. मे महिन्यात वसईही आली. याच अरबी समुद्रात त्याआधी कान्होजी आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतांनी इंग्रज-पोर्तुगीजांना जेरीस आणलं होतं. त्यातलं एकही गलबत आज अख्खं बघायला मिळत नाही. किल्ले दगडाचे म्हणून राहिले, पण लाकडाला आपलं कोमट, खारं पाणी सोडत नाही. म्हणून तर लाकडी बोट अधूनमधून किनाऱ्यावर ओढायची, तळ घासायचा, रंग मारायचा.

परत आल्यावर सातपाटीला एका म्हाताऱ्या तांडेलकाकांना मोबाईलवर वासाचे फोटो दाखवले. त्यांनी झूम करून फळ्यांचे सांधे नीट बघितले.

"काम झकास आहे. किती फेऱ्या मारल्या हिने?"

"काका, एकपण नाही."

काका फोन परत देत हसले. "मग टिकणारच की!"